काळाची जाणीव आणि ताटकळलेला माणूस

माझ्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९३१ अशी आहे. ही तारीख खरी नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते. वडिलांनाही ठाऊक होते. सेलूच्या आसपासच्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जाऊन म्हाताऱ्या माणसांचे दाखले एकत्र केले, तर कुणाची १ जुलै, कुणाची १ जून अशाच तारखा हाती लागतील. जणू काही वस्तीतील सगळी माणसे शाळा उघडण्याच्या दिवसासाठी आईच्या पोटात थांबून राहिली होती. याचे कारण सर्वांना माहीत आहे. आई पोराला शाळेत घेऊन जाई. गुरुजी तारीख विचारीत. ती सांगे, कापूस वेचणीला आला होता, तेव्हाचा हा. किंवा नदीला मोठा पूर आला, त्याच्या आदल्या साली. गुरुजी पोराची उंची पाहत, दात पाहत, आणि प्रवेशाच्या वयाशी जुळेल अशी एक तारीख रजिस्टरात मांडीत.

या साध्या प्रसंगात काळाविषयीचा एक जुना तात्त्विक प्रश्न उभा आहे. गुरुजींचा काळ आकड्यांचा होता आणि आईचा काळ घडलेल्या गोष्टींचा. गुरुजींच्या काळात सगळे दिवस सारखे असतात, एकामागे एक रांगेत उभे. आईच्या काळात कापसाचा दिवस वेगळा, पुराचा वेगळा, उपाशी काढलेला वेगळा. यांतला खरा काळ कोणता? आपले कार्यकर्ते अशा प्रश्नाला ‘रिकाम्या पोटाला न परवडणारे तत्त्वज्ञान’ म्हणून बाजूला सारतात. ही चूक आहे असे माझे मत आहे. ज्याची जमीन हिरावली गेली तो जमिनीचा प्रश्न विचारतो. ज्याचा वेळ हिरावला गेला त्याने काळाचा प्रश्न विचारायला नको काय?

प्रथम पाश्चात्त्य विचार थोडक्यात पाहू. न्यूटनने १६८७ साली असे मांडले की काळ हा कोणत्याही वस्तूची पर्वा न करता सर्वत्र एकसारखा वाहतो. आइन्स्टाइनने १९०५ साली या कल्पनेला तडा दिला. दोन ठिकाणच्या घटना ‘एकाच वेळी’ घडल्या की नाही हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, असे त्याने दाखवले. परंतु हा सारा विश्वाच्या काळाचा विचार झाला. माणसाच्या जाणिवेला काळ कसा भेटतो, हा प्रश्न वेगळा आहे. इ. स. ४०० च्या सुमारास सेंट ऑगस्टिनने तो विचारला. भूतकाळ उरलेला नाही, भविष्यकाळ आलेला नाही, आणि वर्तमान म्हणावे तर त्याला लांबीच नाही. मग आपण मोजतो ते काय? त्याचे उत्तर असे की काळ मनातच मोजला जातो. स्मरण, अवधान आणि अपेक्षा या मनाच्या तीन क्रिया आहेत, आणि त्यांनाच आपण भूत, वर्तमान व भविष्य म्हणतो.

हे उत्तर पुढे विल्यम जेम्सने १८९० मध्ये आणि एडमंड हुसेर्लने १९०५ च्या व्याख्यानांत अधिक बारकाईने मांडले. नागपूरच्या बसस्टँडवर कंडक्टर ‘सेलू’ म्हणून ओरडतो. तो ‘लू’ म्हणतो तेव्हा ‘से’ हवेत विरून गेलेला असतो. तरी आपल्याला दोन सुटे आवाज ऐकू येत नाहीत, गावाचे नाव ऐकू येते. म्हणजे ‘से’ संपला असूनही जाणिवेने तो धरून ठेवलेला असतो. तसेच ‘से’ ऐकतानाच ‘लू’ येणार या अंदाजाने कान पुढे झुकलेला असतो. म्हणून आपला ‘आत्ता’ हा टाचणीच्या टोकासारखा नसतो. त्याला मागची आणि पुढची किनार असते. मागचे धरून ठेवणे आणि पुढच्याकडे झुकणे, या दोहोंवाचून वर्तमानाचा अनुभवच होऊ शकत नाही.

हा विचार युरोपात जन्मला म्हणून तो फक्त युरोपाचा नव्हे. आपल्या बौद्ध परंपरेने काळाची जितकी चिकित्सा केली तितकी या देशात दुसऱ्या कुणी क्वचितच केली असेल. सर्वास्तिवादी म्हणत की भूत, वर्तमान, भविष्य हे तिन्ही खरोखर आहेत. सौत्रांतिकांनी ते नाकारले. जे आहे ते या क्षणाचे, आणि क्षण उपजताच मावळतो. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त तर क्षणाचे मापच दिले आहे. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा एक अहोरात्र. गुणाकार करून पाहिला तर अहोरात्रात ६४ लाख ८० हजार क्षण होतात, म्हणजे एका सेकंदात ७५. बलवान माणसाने चुटकी वाजवावी, तेवढ्यात ६५ क्षण उलटतात, असेही तेथे सांगितले आहे. या हिशेबाने चुटकी एका सेकंदाच्या किंचित आत बसते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते, हे विसरू नये. नागार्जुनाने आपल्या ‘मध्यमकशास्त्रा’चे एक संपूर्ण प्रकरण काळाच्या परीक्षेला दिले आणि दाखवले की भूत, वर्तमान, भविष्य हे एकमेकांच्या आधारावाचून सांगताच येत नाहीत, काळ नावाची स्वतंत्र वस्तू कुठे ठेवलेली नाही.

‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात एक दिव्याचा दृष्टांत आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच की निराळी? नागसेनाचे उत्तर असे की ती तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे. एका दिव्याच्या आधाराने ज्योत अखंड चाललेली असते. माणसाचेही तसेच. दृष्टांत सुंदर आहे. पण तो वाचताना माझ्यासारख्याला एक भलतीच शंका येते. तो दिवा रात्रभर राखीत कोण बसले होते? त्याची रात्र कशी गेली?

माझी शंका गमतीची नाही. ऑगस्टिन काय, जेम्स काय, हुसेर्ल काय, या सर्वांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली. ज्याच्या जाणिवेची चिकित्सा चालली आहे, त्याची अपेक्षा ही त्याची स्वतःची आहे, हे ते गृहीत. पुढच्या क्षणाकडे झुकणारा माणूस स्वतःच्या मर्जीने झुकतो. परंतु ज्याचा पुढचा क्षण दुसऱ्याच्या हुकमात आहे, त्याच्या ‘आत्ता’चे काय होते? हा प्रश्न त्या ग्रंथांत नाही. तो आपल्या इतिहासात आहे.

पेशवाईतील पुण्याची एक गोष्ट आपण भाषणांतून नेहमी सांगतो. दुपारी तीननंतर आणि सकाळी नवाच्या आधी महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्याची बंदी होती. गो. स. घुर्ये यांनी जातीवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. कारण असे की त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि अस्पृश्याची सावली वरच्या जातीच्या माणसावर पडण्याचा धोका वाढतो. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू यांच्याबरोबर ही गोष्ट आपण सांगतो व पुढे जातो. येथे जरा थांबू. नऊ आणि तीन या वेळा मध्यान्हापासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत, प्रत्येकी तीन तास. त्या वेळी सावली साधारण माणसाच्या उंचीएवढी झालेली असते. म्हणजे हा नियम करणाऱ्याला सूर्याची चाल नीट ठाऊक होती. सावलीवरून वेळ ओळखणे हे माणसाचे सर्वांत जुने घड्याळ. अंगणात काठी रोवायची आणि तिची सावली पाहायची. पुण्यात काठी रोवण्याची गरज नव्हती. महाराचे शरीर हीच काठी होती. इतरांसाठी चोवीस तासांचा दिवस, आणि त्याला सहा तासांचा. काळ सर्वांना सारखाच वाहतो असे न्यूटनने लिहून शंभर वर्षे उलटल्यावरही येथे काळाला वेस होती आणि वेशीवर पहारा होता.

सेलूत मे महिन्याच्या उत्तरार्धात एका दुपारी आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी घड्याळात मात्र बारा वाजून दहा-वीस मिनिटे झालेली असतात. याचे कारण आपले घड्याळ सेलूचे नाही. १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशाला साडेब्याऐंशी अंश रेखांशाची एकच वेळ लावण्यात आली आणि सेलू त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहे. सूर्य येथे वर्षभराच्या सरासरीने सुमारे पंधरा मिनिटे मागे असतो. त्याआधी रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे. नागपूरपर्यंत लोहमार्ग १८६७ मध्ये आला तेव्हापासून आपल्या भागात घड्याळाचा काळ आला. काही विचारवंत या घड्याळाच्या काळाला माणूस यंत्र झाल्याची खूण मानतात आणि जुन्या, ऋतूंच्या, घटका-पळांच्या काळासाठी हळहळतात. त्या हळहळीत मी सामील होऊ शकत नाही. रेल्वेची वेळ कुणाची सावली पाहत नव्हती. ज्याच्याजवळ तिकीट आहे त्याच्यासाठी गाडी जितक्या वाजता सुटते, तितक्याच वाजता ती ब्राह्मणासाठी सुटते आणि महारासाठीही.

पण स्टेशनावर केवळ गाडी नसते, माणसेही असतात. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालची एक हकीगत लिहून ठेवली आहे. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडील गोरेगावला नोकरीस. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे अशी चार मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात साताऱ्याहून निघाली आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. तासभर गेला. स्टेशनमास्तर आला, त्याने आपुलकीने चौकशी केली. पोशाखावरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली होती. मग त्याने जात विचारली. मुलांनी सांगितली. त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि बैल मुलांनी हाकावेत, गाडीवान पायी चालेल, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर पाणी मिळाले नाही.

काळाच्या जाणिवेच्या दृष्टीने ही हकीगत पुन्हा वाचण्यासारखी आहे. पहिला तास घ्या. मुले थांबली आहेत, पण ती वडिलांची वाट पाहत आहेत. त्यांची अपेक्षा त्यांच्या घराकडे झुकलेली आहे. कंटाळा असेल, थोडी भीतीही असेल. तरी तो काळ त्यांचा आहे. मग स्टेशनमास्तर तो प्रश्न विचारतो. प्लॅटफॉर्म तोच, घड्याळ तेच, आणि त्यानंतरचा अर्धा तास पहिल्या तासाच्या निम्मा. परंतु तो मुलांच्या आयुष्यात किती लांब झाला हे आपण जाणतो. आता ती वडिलांची वाट पाहत नाहीत. आता ती वाट पाहतात, दुसरा माणूस काय ठरवतो याची. पुढच्या क्षणाकडे झुकलेले मन एकदम मागे ओढले जाते आणि जागच्या जागी गोठते. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, नोकर ते द्यायला विसरला होता, हे नंतर कळले. म्हणजे उशीर हा साध्या विसरण्याचा होता. त्या उशिराची ती रात्र मात्र जातीने केली.

वाट पाहणे आणि ताटकळणे हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा भेद हुसेर्लच्या बारकाव्यांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. वाट पाहणारा येणाऱ्याकडे बघतो. ताटकळणारा ताटकळत ठेवणाऱ्याकडे बघतो. पाणवठ्याजवळ मडके घेऊन उभी असलेली आमची आजी, वरून कुणी दया येऊन पाणी ओतील म्हणून, तासन् तास ताटकळत असे. तिच्या त्या तासांची नोंद कोणत्या इतिहासात आहे? इतिहासकार दुष्काळ मोजतात, लढाया मोजतात, शेतसारा मोजतात. या देशात बायकांनी विहिरीपासून दहा हातांवर उभे राहून किती काळ घालवला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

जात ही श्रमाची विभागणी आहे, इतकेच नव्हे तर ती श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा विचार आपल्या परिचयाचा आहे. त्याला जोडून असे म्हणता येईल की जात ही वेळेचीही विभागणी आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे बिल मांडताना त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की वतनदार महाराला दिवसा-रात्री कोणत्याही घटकेला हाक येते, आणि तो हजर नसला तर त्याच्या घरातील माणसाला राबावे लागते. कामाला हद्द नाही, कारण वेळेला हद्द नाही. आमच्या मध्यप्रांतात वतनाचे रूप वेगळे होते, कोतवालकी होती. पण हाकेला वेळ नसे, हे येथेही तेच. माझा आजा गावचा कोतवाल होता. त्याच्या झोपेला मालगुजाराच्या माणसाची हाक ही सीमा होती. झोपलेला माणूससुद्धा कान बाहेर ठेवून झोपे. ज्याला ‘निवांत’ म्हणतात तो शब्द आमच्या घरात मी शाळेत शिकून आणला.

सालदारीचा प्रकार आणखी निराळा, आणि विचार करण्याजोगा आहे. आपल्या भागात पाडव्याला सालदार ठरतो. वर्षाचे धान्य आणि पैसे ठरतात, काही उचल आधी मिळते. उचल ही बहुधा मागच्या देण्यात, लग्नात किंवा दवाखान्यात गेलेली असते. म्हणजे पाडव्याच्या सकाळी या माणसाचे येणारे वर्ष आधीच खाऊन संपलेले असते. इतरांच्या दृष्टीने ते वर्ष भविष्यकाळात आहे. सालदाराच्या दृष्टीने ते भूतकाळात गेले आहे, फक्त भोगायचे बाकी आहे. ऑगस्टिनच्या मनात स्मरण मागे व अपेक्षा पुढे होती. येथे अपेक्षेच्या जागी येऊन बसले आहे ते कर्ज.

आणि आता पाहा, कर्मसिद्धांताची रचना नेमकी अशीच आहे. मागल्या जन्मी तू उचल घेतलीस, या जन्मी ती फेड. उचल कधी घेतली ते तुला आठवत नाही, वही आमच्याकडे आहे. पाडव्याच्या सालदारीला एक वर्षाची तरी मुदत असते, या सालदारीला तीही नाही. हिंदू विचारात काळाचे चक्र युगायुगांचे, अतिभव्य, असे कौतुकाने सांगितले जाते. पण त्या भव्य चक्रात खाली सापडलेल्या माणसाला वर्तमानच मिळत नाही. त्याचा आज हा कालचा व्याजाचा हप्ता ठरतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्म आणि पुनर्जन्म यांच्या चर्चेला एवढी जागा का दिली, हे येथे उमगते. पूर्वजन्मीचे कर्म माणसाच्या आजच्या स्थितीला वारसाहक्काने चिकटते, ही कल्पना त्यांनी बुद्धाच्या विचाराशी विसंगत म्हणून फेटाळली. कृतीचे फळ याच जीवनात आणि समाजाच्या नैतिक व्यवस्थेत शोधायचे, अशी त्यांची मांडणी आहे. काही पंडितांना ही बुद्धमताची मोडतोड वाटली. मला ती काळाच्या अंगाने मुक्तीची पहिली अट वाटते. क्षणवादाचा खरा अर्थही हाच: या क्षणाला मागच्याने कारण पुरवले असेल, पण मागचा या क्षणाचा मालक नव्हे.

बाबासाहेबांनी वेळेचा प्रश्न केवळ धर्मग्रंथांत सोडवला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी बारा-चौदा तासांचे आठ तास केले, असे आपले वक्ते ठोकून देतात. हे नेमके नाही, आणि नेमके सांगितल्याने त्यांचे काम लहान होत नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ झाली. हंगामी कारखान्यांची मर्यादा मात्र ६० होती, ती ५० वर आली. हंगामी म्हणजे कोणते? तर त्यांत कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, म्हणजे वर्धा-हिंगणघाटच्या पट्ट्यातले आपले. तेव्हा आपल्या आयाबायांना ४८ नव्हे, ५० तास मिळाले. हंगामी आणि बारमाही हा भेद १९४८ च्या कायद्याने गेला. ज्या बाईच्या सासूने पाणवठ्यावर बेहिशेबी तास घालवले होते, तिच्या श्रमाचे तास निदान जिनाच्या फाटकावर सरकारी कागदात मोजले जाऊ लागले. कायदा पाळला किती गेला हा निराळा प्रश्न आहे. पण मोजला गेलेला तास आणि न मोजलेला तास यांत, माझ्या मते, माणूस आणि गुलाम यांच्याइतके अंतर आहे.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा. एकवीस वर्षे आणि एक दिवस. या एकवीस वर्षांबद्दल उतावीळ लोकांनी तेव्हा बरीच टीका केली, इतका उशीर का म्हणून. पण आपल्या समाजाच्या इतिहासात एवढी दीर्घ आणि स्वतः निवडलेली वाट पाहणी दुसरी नाही. ताटकळत आलेल्या लोकांनी येथे प्रथमच वाट पाहिली. विजयादशमीच्या त्या दिवशी सेलूच्या बाजूची माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला गेली. त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. या ५३ दिवसांत आमच्या भागातील माणसांच्या बोलण्यात एक नवीच कालगणना शिरली. ‘दीक्षेच्या आदल्या साली’, ‘दीक्षेनंतर दोन सालांनी’. पूर आणि कापूस यांवरून मोजणारी आई आता आपल्या कृतीवरून मोजू लागली. निसर्गाने जे केले ते पूर्वी काळाची खूण होती. आता आपण जे केले ती खूण झाली. कोणत्याही लोकसमूहाच्या जाणिवेत याहून मोठा बदल मला सांगता येणार नाही.

एवढे सांगितल्यावर आपल्या आजच्या एका दोषाकडेही बोट दाखवले पाहिजे. १ जानेवारी, ३ जानेवारी, २० मार्च, १४ एप्रिल, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर. आपले वर्ष तारखांनी भरले आहे. या तारखा आपण मिळवलेल्या आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. पण कार्यकर्त्याला विचारावे, पुढच्या तीन वर्षांत वस्तीत काय व्हावे, तर तो पुढच्या जयंतीची मिरवणूक सांगतो. स्मरण बलवान आणि अपेक्षा दुबळी, अशी ही अवस्था आहे. त्याला दोष देऊन भागत नाही. सेलूच्या अभ्यासिकेत बसलेला मुलगा भरतीच्या जाहिरातीसाठी थांबला आहे, जाहिरात आली तर परीक्षेसाठी, परीक्षा झाली तर निकालासाठी, आणि निकालानंतर पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी. तो तिशीला टेकतो. तो वाट पाहतो आहे की ताटकळतो आहे? मी त्याला हे विचारले तेव्हा तो म्हणाला, सर, सुरुवातीला वाट पाहत होतो.

पडताळणीचा विषय निघाला म्हणून वडिलांच्या तारखेकडे परत येतो. २००४ साली मुलीच्या प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा हवा होता, तेव्हा आम्ही कोतवाल पंजीची नक्कल काढली. आमच्या भागात गावातील जन्म-मृत्यूच्या खबरा ठाण्यावर पोचवणे हे कोतवालाचे काम असे. तो तोंडी सांगे, कारकून लिहून घेई. नकलेत वडिलांच्या जन्माची ओळ सापडली. नाव नव्हते. गाव, बापाचे नाव, जात महार, मुलगा, आणि तारीख ९ फेब्रुवारी १९३२. बापाचे नाव आणि खबर देणाऱ्याचे नाव एकच होते. माझा आजा गावभरच्या जन्म-मरणाच्या खबरा घेऊन ठाण्यापर्यंत चालत गेला होता, आणि त्यांत एक त्याच्या घरची होती. ती कागदावर पक्की होती, वर्षे लोटली तरी तिथेच होती. शाळेत नाव घालताना ती पाहून यावी हे मात्र कुणाला सुचले नाही. गुरुजींच्या १ जुलैमुळे वडील नोकरीतून सात महिने आधी निवृत्त झाले होते.

मी ती नक्कल त्यांना वाचून दाखवली. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. सात महिन्यांच्या पगाराबद्दल ते काही बोलले नाहीत. कागद हातात घेऊन त्यांनी आपल्या बापाचे नाव बोटाने चाचपले, आणि मला विचारले, “रातचा का दिवसाचा, थे नाई लिवलं का?”

ते लिहिलेले नव्हते.